तेरीज जुळते, पण खाते चुकते



बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला एक धडा असतो. सावंतांच्या खात्याची रक्कम सामंतांच्या खात्यावर पडली, तरी तेरीज बरोबर जुळते. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी, साहेब खूश, शाखा वेळेवर बंद. सावंत पासबुक घेऊन काउंटरवर येतात आणि आवाज चढवतात, तेव्हाच ती चूक सापडते. टीव्हीच्या बातम्यांचे असेच आहे. प्रेक्षकाने आवाज चढवला नाही, तर त्यांची तेरीज रोजच जुळलेली असते.

सावंत हे नाव मी उगाच घेतले नाही. १० सप्टेंबर २००८ रोजी टाइम्स नाऊ या वाहिनीने भविष्य निर्वाह निधी घोटाळ्याची बातमी दिली. नाव होते कोलकाता उच्च न्यायालयाच्या एका माजी न्यायमूर्तींचे आणि छायाचित्र दाखवले न्या. पी. बी. सावंत यांचे. आडनावे उच्चाराला जवळची, एवढेच कारण. सर्वोच्च न्यायालयाचा निवृत्त न्यायमूर्ती, प्रेस कौन्सिलचा माजी अध्यक्ष, आणि पंधरा सेकंदांत घोटाळ्याच्या बातमीत! वाहिनीने छायाचित्र काढले, पण माफी मागितली ती त्यांचे पत्र गेल्यावर, काही दिवसांनी. सावंत कोर्टात गेले. २०११ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने शंभर कोटींची भरपाई ठरवली. अपील ऐकण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने वीस कोटी रोख भरायला आणि ऐंशी कोटींची बँक हमी द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही.

शंभर कोटी हा आकडा फार झाला, असे तेव्हा पुष्कळ जाणकार म्हणाले. मलाही तसेच वाटते. पण कायदा जाणणाऱ्या न्यायमूर्तींना एवढी पायपीट करावी लागली, तर अनगोळ-वडगावच्या साध्या माणसाचे काय?

आपल्या गावचेच सांगतो. ६ डिसेंबर २०२२ रोजी हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली. ते घडले, ते निंद्य होते, त्याची बातमी व्हायलाच हवी होती. पण त्या आठवड्यात एका वाहिनीवर 'बेळगाव पेटले' अशी पट्टी आणि जळते टायर मी पाहिले. दृश्यातल्या कोपऱ्यावर एक दुकान दिसत होते. ते दुकान बंद होऊन चार वर्षे झाली होती! फुटेज जुने आणि पट्टी आजची. मी तासापूर्वी खडेबाजारातून भाजी घेऊन आलो होतो. कोल्हापूरच्या आत्याचा फोन आला, "अरे, सगळे सुखरूप ना?" बातमी ऐकून तिने पोरीला लग्नाला पाठवले नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काउंटरवरचे माझे कन्नड भाषिक सहकारी गप्प होते. त्यांनी दुसरी वाहिनी पाहिली होती. तिच्यात पेटवणारे आपण होतो. पंधरा वर्षे एका डब्यात जेवणारी आम्ही माणसे दोन दिवस एकमेकांकडे बघेनाशी झालो.

सीमाभागात चुकीच्या बातमीची किंमत ही अशी असते. मुंबईत बसलेल्याला ती टीआरपी, बंगळुरूत बसलेल्याला ती टीआरपी, आणि दगड पडतो तो मधल्या गाडीवर.

मी त्या वाहिनीला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. पण दोष माझाही होता. पत्र लिहिले सतराव्या दिवशी. त्यात तारीख अंदाजे आणि वेळ नाहीच. उलट चार ओळी शिव्या! तारीख नसलेला चेक मी स्वतः परत करतो आणि तक्रार मात्र बिनतारखेची पाठवली.

नियम नाहीत, असे समजू नका. केबल टेलिव्हिजन नियम १९९४ चे आहेत आणि खोटे व अर्धसत्य दाखवू नये हे त्यांत लिहिलेले आहे. जून २०२१ च्या दुरुस्तीने तक्रारीच्या तीन पायऱ्या ठरल्या. पहिली तक्रार वाहिनीकडे. तिने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. निर्णय आला नाही किंवा पटला नाही, तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील. तिसरी पायरी केंद्र सरकारची. शिवाय वाहिन्यांनी दाखवलेल्या कार्यक्रमांचे रेकॉर्डिंग ९० दिवस जपून ठेवायचे असते. म्हणजे चौथ्या महिन्यात जागे होणाऱ्याच्या हाती पुरावा नसतो.

आता या व्यवस्थेचे लंगडेपण पाहा. आमच्या बँकेत तक्रार कुणाकडे करायची याचा फलक दारातच लावावा लागतो. ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. आणि वाहिनीवर? चोवीस तास खाली पट्ट्या पळतात. त्यांत तक्रारीचा पत्ता पळताना तुम्ही कधी पाहिलात? स्वनियमन संस्था वाहिन्यांनीच स्थापलेली. २००८ साली ठरलेला कमाल एक लाखाचा दंड पंधरा वर्षांनी तेवढाच होता. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच तो अपुरा ठरवला. जाहिरातीच्या काही सेकंदांत वसूल होणाऱ्या दंडाला कोण भिणार?

काही जण म्हणतील, मग सरकारनेच वाहिन्यांना वठणीवर आणावे. मला हे मान्य नाही. २००७ मध्ये दिल्लीतल्या एका शिक्षिकेवर बनावट स्टिंग दाखवल्याबद्दल लाइव्ह इंडिया वाहिनी सरकारने महिनाभर बंद केली. ते कृत्य भयंकरच होते. पण बंद करण्याची चावी एकदा सरकारच्या हाती गेली, की आज खोट्यासाठी वापरली ती उद्या खऱ्यासाठी वापरली जाईल. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आमची मागणी साधी आहे. चूक ज्या वेळेला आणि जेवढ्या मोठ्या अक्षरांत दाखवली, दुरुस्ती त्याच वेळेला आणि तेवढ्याच अक्षरांत दाखवा. बँकेत चूकदुरुस्तीची नोंद त्याच खात्यात करतात, मागच्या पानावर चोरून नाही.

आणि मंडळी, एक कडू गोष्ट. आपल्या बाजूने बोलणाऱ्या मराठी वाहिनीने जुने फुटेज लावले, तर आपण तक्रार करतो का? करत नाही. उलट मोबाइलवरून दहा जणांना पुढे पाठवतो. एकीकडचे खोटे पोटात घालायचे आणि दुसरीकडच्या खोट्यावर मोर्चा काढायचा, हा हिशेब कुठल्याच वहीत जुळणार नाही. आपली बाजू खरी आहे, असा आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. खऱ्या बाजूला खोट्या चित्राची गरज नसते.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. कार्यालयात एक तक्रारवही ठेवावी. वाहिनीचे नाव, तारीख, वेळ, काय दाखवले, खरे काय आणि पुरावा कोणता, असे सहा रकाने. वाहिनी मराठी असो, कन्नड असो वा हिंदी, नोंद सारखीच. तक्रार सात दिवसांच्या आत जावी, पोच जपून ठेवावी आणि उत्तर न आल्यास अपील करावे. टंकलेखन आणि पाठपुरावा मी शनिवारी सुटी असेल तेव्हा आणि रविवारी करीन.

पहिली नोंद कुणाची येते याची वाट पाहतो. ती आपल्या आवडत्या वाहिनीविरुद्ध असली तर अधिक आनंद होईल.

— एक बँक कर्मचारी, टिळकवाडी, बेळगाव