घडवलेले शब्द, बिघडलेले शब्द

‘चलातु चयका चवेह?’ हे वाचताच आपल्यापैकी अनेकांना बालपण आठवले असेल. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी नेऊन आरंभी ‘च’ जोडला, की ‘तुला काय हवे?’ या साध्या प्रश्नाचे असे गुपित होते. महानुभाव पंथीयांनी आपल्या ग्रंथांसाठी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपी योजल्या. सकळ लिपीचा उलगडा पुढे इतिहासाचार्य राजवाडे यांनी केला. इंग्रज भाषापंडित टॉल्किन यांनी तर स्वतः भाषा रचल्या आणि त्या बोलणाऱ्यांसाठी अवघे जग उभे केले.

हा छंद उतारवयातही जोपासण्याजोगा आहे. लिखित संहितेवाचून रात्रभर दशावतार रंगवणाऱ्या आपल्या जिल्ह्याला कल्पनेतले जग परके नाही. नातवंडांना सोबत घेऊन वहीत सिंधुदुर्ग किल्ल्यापलीकडचे एक काल्पनिक बेट रेखाटावे. तेथील वाऱ्यांना, माशांना, नात्यांना नवी नावे द्यावीत. अनेकवचनाचा एखादा नियम ठरवून तो पाळावा. यात स्मरण, लक्ष आणि भाषा या तिन्हींना काम मिळते. स्मृतिभ्रंश त्यामुळे टळेलच, असे मात्र म्हणता येत नाही. रक्तदाबाची गोळी आणि रोजचे चालणे यांनाही हा पर्याय नव्हे. ज्यांना विस्मरणाचा आजार आहे, त्यांची या खेळात परीक्षा घेऊ नये. त्यांनी वस्तूला वेगळेच नाव दिले, तर दुरुस्त करण्याऐवजी आशय समजून घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी एक भेद मात्र पक्का ध्यानात ठेवावा. खेळणाऱ्याला आपल्या शब्दाचा अर्थ सांगता येतो आणि हवे तेव्हा मराठीत परतता येते. धडधाकट माणूस अकस्मात निरर्थक शब्द बोलू लागला, साधे वाक्य त्याला उमगेनासे झाले किंवा जीभ जड झाली, तर तो पक्षाघात असू शकतो. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे ही लक्षणे सोबत असतील किंवा नसतीलही. झोपेने बरे वाटेल म्हणून थांबू नये. तोंडावाटे पाणी वा औषध देऊ नये; अ‍ॅस्पिरीनही नाही, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते आणि किनाऱ्यावरून रुग्णालयापर्यंतचा प्रवासही त्याच वेळात बसवावा लागतो. रुग्ण शेवटचा नीट बोलला ती वेळ डॉक्टरांना सांगावी.

म्हणून काल्पनिक बेटाच्या त्या वहीत पहिल्या पानावर १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक, सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि चालू औषधांची यादी ठळक अक्षरांत, साध्या मराठीत लिहावी. बेट दुसऱ्या पानापासून सुरू होऊ द्यावे.