उधारीची फिकीर आणि मनाचा इलाज

व्यापाऱ्याला ताप आला तर तो दुकान मुलावर सोपवून डॉक्टरकडे जातो. झोप उडाली तर मात्र कोणालाच सांगत नाही. पार्टीचा चेक परत आलेला असतो, सीझनचा माल पडून असतो. शेजारचा दुकानदार तब्येत विचारतो आणि आम्ही "अल्लाहचा करम आहे" म्हणून गल्ल्यावर बसतो. मग तंबाखू वाढते, घरात आवाज चढतो आणि शेवटी ब्लड प्रेशरची गोळी सुरू होते.

कोल्हापूरच्या व्यापाराने ऑगस्ट २०१९ चा आणि जुलै २०२१ चा महापूर पाहिला, मध्ये २०२० चा लॉकडाऊन. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर भागात पाणी शिरले. भिजलेल्या मालाचे पंचनामे झाले. त्या दिवसांपासून ज्यांच्या छातीत धडधड बसली आहे, त्यांची विचारपूस कोणी केली नाही, आम्हीही एकमेकांची केली नाही.

यावर आता घरबसल्या एक इलाज मिळतो. फोनवर किंवा मोबाईलच्या पडद्यावर ठरलेल्या वेळी सल्लागाराशी बोलायचे. ही नुसती गप्पांची बैठक नव्हे. "हा सीझन गेला तर मी संपलो, बिरादरीत तोंड दाखवता येणार नाही," असे मनात घोळत असेल तर सल्लागार विचारतो, संपलो म्हणजे नेमके काय? या आठवड्यात तुमच्या हातात काय आहे? मग काम ठरते : थकलेल्या पार्ट्यांपैकी दोघांकडे मंगळवारी स्वतः जायचे, इशाच्या नमाजनंतर वही उघडायची नाही. पुढच्या बैठकीत त्याचा हिशेब द्यायचा. अशा सहा ते वीस बैठका बहुधा होतात. आमच्या स्वभावाला ही पद्धत मानवते, कारण तिच्यात जमा-खर्च दिसतो.

विचार तपासून भावना सावरण्याची ही रीत न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडली व महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. पण तिला केवळ पाश्चात्त्य म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी अबू झैद अल-बल्खी यांचे नाव ऐकावे. सन ९३४ मध्ये वारलेल्या या मुस्लिम विद्वानाने शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. अडचणीच्या वेळेसाठी घरात औषध ठेवतो तसे निरोगी विचारही आधीच तयार ठेवावेत, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा सल्लागाराकडे जाणे म्हणजे ईमान कमजोर असणे, ही समजूत आम्हाला मान्य नाही. दुआ करावी, सब्र करावा आणि इलाजही करावा. तावीज-गंड्यावर हजारो रुपये घालवणाऱ्याला कोणी कमजोर म्हणत नाही, हे विशेष!

काही बंधू म्हणतील, फोनवर बोलून उधारी वसूल होते काय? होत नाही. पण रात्रभर जागलेला माणूस सकाळी घाबरून पडत्या भावात माल काढतो, किंवा जास्त व्याजाचे कर्ज उचलतो. तो तोटा वाचू शकतो.

सरकारची 'टेली मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत. मराठीतही बोलता येते, हिंदीतही. उर्दू माध्यमात शिकलेल्यांनी मराठी शब्द सापडणार नाहीत म्हणून मागे राहू नये. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो, गरज पडल्यास पुढे तज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवतात. जीव नकोसा झाला असे मनात येत असेल तर सकाळची वाट न पाहता याच नंबरवर फोन करावा.

खासगी कंपन्याही अशी सेवा पैसे घेऊन देतात. तिथे माल घेताना करतो तशी चौकशी करावी : बैठकीची फी किती, किती बैठका लागतील, समोरच्याचे शिक्षण काय. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते, ती विचारण्यात संकोच नको.

खरी अडचण कारागिराची आहे. दोन खोल्यांच्या घरात पाच-सहा माणसांसमोर तो मन कसे मोकळे करणार? व्यापारी संघटनांनी आपल्या कार्यालयातील एक खोली आठवड्यातून दोन संध्याकाळी यासाठी मोकळी ठेवावी. दार बंद होणारी खोली आणि एक खुर्ची, एवढेच लागते. आणि आत कोण गेले याची रजिस्टरमध्ये नोंद ठेवू नये.