मांजराच्या पिल्लाला पोटभर घाला

पोट भरलेलं मांजर उंदीर धरत नाही, हे आमच्या आंदर मावळात ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजूनही म्हणतात, "आगं, आयतं मिळाल्यावर ती कशाला उठतीय उंदरामागं?" आत्याबाईंचं बोलणं मी सहसा मोडत नाही. पण हे मला पटत नाही, आणि भात घरात यायच्या आधी चारचौघांत मांडावंसं वाटतं.

भाताच्या मुलखात मांजर नुसतं हौसेखातर नसतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं 1987 साली दिलेला इंद्रायणी आज टाकव्यापासून खांडीपर्यंत खाचराखाचरांत दिसतो. दिवाळीच्या मागंपुढं तो कापून, झोडून पोत्यांत नि कणगीत येतो आणि त्याच्या मागोमाग उंदीर, घुशी. या धान्याची राखण जिच्यावर, तिच्या पिल्लाला आपण घालतो काय? दूधभात, नाहीतर दुधात कुस्करलेली भाकरी. बाकीचं त्यानं आपलं आपण बघावं.

आता हिशेब बघा. एका लहान उंदरात जेमतेम 30 कॅलरी असतात. तीन महिन्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लाला दिवसाला साधारण 200 लागतात. म्हणजे रोज सहा-सात उंदीर, तेही दुधाचे दात पडायला लागायच्या वयात. कुठून धरणार ते? आणि मांजराची शिकार निव्वळ भुकेवर चालत नाही. खाता खाता घास टाकून मांजर उंदरावर झेपावतं, हे प्रयोगांतही दिसलेलं आहे. उपाशी वाढलेल्या पिल्लाचं अंगच भरत नाही. घूस समोर आली की ते मागं सरतं.

दूधभातानं पोट फुगतं, अंग धरत नाही. आईचं दूध सुटलं की बऱ्याच पिल्लांना गाई-म्हशीचं दूध पचत नाही, ढाळ लागतात. भातात मांजराला लागणारी प्रथिनं नाहीत आणि टॉरिन तर अजिबात नाही. टॉरिन मांस-मासळीतून मिळतं, मांजराच्या अंगात ते पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून दुबळं होतं, हे कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं तेही 1987 सालीच, आपला इंद्रायणी आला त्याच वर्षी. डोळ्यांचं नुकसान होतं हे तर त्याच्याही आधी कळलं होतं.

म्हणून मी कोरड्या कॅट फूडच्या बाजूनं आहे. रोज मासळी किंवा कोंबडी कुणाला परवडते? पिल्लासाठीचं पाकीट मिळतं, त्यावर तसं लिहिलेलं असतं, आणि त्यात टॉरिन घातलेलं असतं. किलोभर वजनाच्या पिल्लाला दिवसाला पन्नासेक ग्रॅम पुरतं. तीन-चार वेळा थोडं थोडं घालायचं, कारण त्याचं पोट मुठीएवढंही नसतं. कुत्र्याचं खाद्य मात्र मांजराला चालत नाही. कुत्र्याचं अंग टॉरिन करतं, त्यामुळं त्याच्या पाकिटात ते पुरेसं असेलच असं नाही.

पण कोरडं ते कोरडंच. उंदराच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असतं, या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आसपास. मांजर मुळात कमी पाणी पिणारं. त्यामुळं शेजारी पाण्याची वाटी हवीच, आणि महिना-दीड महिन्याच्या पिल्लाला दाणे भिजवूनच द्यायचे. आमच्या पडवीतलं पिल्लू कोरडा दाणा तोंडात घेतं, मान वाकडी करून चावायला बघतं, दाणा निसटून फरशीवर टणटणत जातो आणि ते त्याच्याशी खेळत बसतं. खाणं राहतं बाजूला. तेच दाणे कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवले की फुगतात, बोटानं दाबले की कुस्करतात, वासही सुटतो. मग वाटी चाटून साफ. उरलं तर तासाभरात टाकून द्यायचं. दात आले, वाढले, की हळूहळू पाणी कमी करत जायचं.

आमच्याकडची खरी अडचण पावसाची. कुसूर, खांडीच्या अंगाला आषाढात काडेपेटी पेटत नाही, तिथं उघडं पाकीट काय टिकणार? दाणे मऊ पडतात, खवट होतात, बुरशी धरतात. बुरशीचं विष डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून मोठी पिशवी स्वस्त पडते म्हणून आणू नये. लहान पाकीट आणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावं.

पण थोडं हवं म्हणून सुटं आणू नये; सुट्ट्या विक्रीला माझा विरोध आहे. कॅरीबॅगमध्ये पावशेर तोलून दिलेलं खाद्य पिल्लाचं, मोठ्या मांजराचं की कुत्र्याचं, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो, तारीखही नसते. बाजारहाटाला कामशेतला नाहीतर वडगावला जाणं होतंच, तेव्हा सीलबंद लहान पाकीटच मागा. दुकानदारांनीही ते ठेवावं; मागणी झाली तर ते ठेवतील. आणि ज्या घरात पिल्लू आहे तिथं कणगीजवळ उंदराच्या विषाच्या वड्या टाकू नका. ते विष खाल्लेला, धड पळता न येणारा उंदीर पिल्लाच्या तावडीत सगळ्यात आधी सापडतो.