नागपूरकरांचे दोन लिलाव आणि सानगडीचा किल्ला

१/ २९ एप्रिल २०२५. लंडनच्या सोदबीज लिलावगृहात एक मराठा तलवार पुकारली गेली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती मिळवली. हाताळणी, वाहतूक आणि विम्यासह खर्च आला सुमारे ४७ लाख १५ हजार रुपये. ऑगस्टमध्ये तलवार मुंबईत पोहोचली. आपलीच वस्तू पैसे मोजून परत घ्यावी काय, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जात आहे.

२/ तलवार फिरंग जातीची. पाते युरोपात घडलेले, सरळ आणि एकधारी. मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याचे नक्षीकाम. पात्याच्या पाठीवर देवनागरीत कोरलेले नाव श्रीमंत रघोजी भोसले, सेनासाहेबसुभा यांचे. हे नाव नसते, तर ती अनेक चांगल्या फिरंगांपैकी एक ठरली असती.

३/ लिलावगृहात वस्तूपेक्षा तिच्या ओळखीला भाव येतो. २०२२ मध्ये अमेरिकेत बेसबॉलपटू मिकी मँटलचे १९५२ सालचे छापील कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला विकले गेले. मुळात तो पुठ्ठ्याचा तुकडाच. तो अस्सल आहे, त्याची स्थिती उत्तम आहे आणि तसे दुसरे क्वचितच सापडेल, एवढ्याच दाखल्यावर ही किंमत उभी राहिली.

४/ तलवारीवर ज्यांचे नाव आहे, ते पहिले रघुजी (१६९५–१७५५) नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक. सेनासाहेबसुभा हा किताब त्यांना छत्रपती शाहूंकडून मिळाला. १७४१ नंतरच्या दशकात त्यांच्या फौजा वारंवार बंगालवर चालून गेल्या आणि १७५१ च्या तहात अलीवर्दीखानाने सालीना १२ लाखांची चौथ कबूल केली.

५/ तलवार नागपूरहून केव्हा गेली, याचा कागद उपलब्ध नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरची लूट हा एक तर्क. संधी मात्र पुढेही आली. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी औरस वारसाविना वारले, आणि १८५४ मध्ये डलहौसीने राज्य खालसा केले.

६/ त्यानंतर झाला तो पहिला लिलाव. राण्यांचा विरोध डावलून राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल नागपुरात विकले गेले. जडजवाहीर विक्रीसाठी कलकत्त्याला रवाना झाले. एका घराण्याचा संचय सुट्या नगांत मोडला गेला. विकणाऱ्याला रोकड हवी होती. कोणता नग कोणाचा, हे जपण्याची गरज त्याला वाटली नाही.

७/ म्हणून २०२५ च्या बोलीला निव्वळ भावनिक खर्च म्हणणे अन्याय्य आहे. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तू देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तींना मनाई करतो. पण कंपनी सरकारच्या काळात गेलेल्या वस्तूंपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. दावा टिकत नसेल, तर बोली हाच मार्ग उरतो.

८/ त्या मार्गालाही मर्यादा आहे. २०२३ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात टिपू सुलतानाची तलवार १ कोटी ४० लाख पौंडांवर गेली. एवढी रक्कम कोणतेही राज्य दरवेळी मोजू शकणार नाही. पिप्राहवाच्या रत्नांची गोष्ट वेगळी घडली. मे २०२५ मध्ये भारत सरकारने नोटीस बजावताच हाँगकाँगमधील लिलाव थांबला आणि जुलैअखेर गोदरेज समूहाच्या साहाय्याने ती मायदेशी आली. तेथे सरकारची बाजू भक्कम होती, कारण १८९८ च्या उत्खननाची नोंद होती.

९/ नोंद! सारा मुद्दा येथे येऊन ठेपतो. भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातील सानगडीला टेकडीवर सहानगड उभा आहे. हाही नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातलाच मुलूख. किल्ला कोणी लंडनला नेऊन पुकारणार नाही. परंतु पायथ्याच्या शेतात सापडणारे नाणे, माळ्यावरचे मोडी दप्तर, देव्हाऱ्यातील जुनी मूर्ती यांना पाय फुटायला वेळ लागत नाही.

१०/ जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. हा नियम गावोगाव किती जणांना ठाऊक असतो? एका तलवारीवर ४७ लाख खर्चणे योग्यच. पण गावातील वस्तूंची छायाचित्रे, मापे आणि मालकाचे नाव लिहून ठेवायला त्याचा शतांशही लागणार नाही.

११/ तलवारीने आपले नाव स्वतःच्या पाठीवर वागवले, म्हणून ती ओळखू आली. बहुतेक वस्तूंवर नाव कोरलेले नसते. त्यांचे नाव कागदावर लिहून ठेवावे लागते, आणि ते काम वस्तू गावात असतानाच करावे लागते.