दोनशे तासांचा हिशेब

जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, वर्डीच्या शिवारात जुलै २०२१ मध्ये प्रशिक्षणाचे एक विमान कोसळले. शिकवणारा वैमानिक दगावला, शिकणारी तरुणी गंभीर जखमी झाली. सातपुड्याच्या त्या रानात विमानापर्यंत गाडी जात नव्हती. एका आदिवासी महिलेने अंगावरची साडी सोडून दिली. त्या साडीची झोळी बांबूला बांधून गावकऱ्यांनी त्या मुलीला बाहेर काढले. पुढे मार्च २०२३ मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून निघालेले विमान बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ भागात पडले. शिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीजवळ एकाच अकादमीची दोन विमाने चार दिवसांत कोसळली आणि तिचे प्रशिक्षण थांबवण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये जमशेदपूरचे विमान चांडिल धरणात गेले, एप्रिल २०२५ मध्ये अमरेलीत एक शिकाऊ वैमानिक मृत्युमुखी पडला.

प्रवासी विमान पडले की देश हादरतो. हे अपघात मात्र जिल्हा पानावर येतात आणि तिथेच विरतात. ही उपेक्षा आम्हाला मान्य नाही.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यासाठी पन्नास लाखांच्या घरात खर्च येतो. कुणी शेत विकते, कुणी घर गहाण ठेवते. येत्या दीड-दोन दशकांत तीस हजार वैमानिक लागतील, असे सरकार सांगते. म्हणजे तास लवकर भरावेत ही विद्यार्थ्याची निकड, संस्थेचा धंदा आणि देशाची गरजही. या घाईत ‘आज इंजिनाचा आवाज बरोबर वाटत नाही’ असे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराने कुणाला सांगायचे? त्याच्या लॉगबुकवर सही करणारेही संस्थेचेच आणि विमान देणारेही तेच. तक्रार केली तर आपला नंबर मागे जाईल, ही भीती त्याच्या मनात असणारच.

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची क्रमवारी लावायला घेतली, हे स्वागतार्हच. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही, हेही लपवले नाही. पण गुणांची वाटणी पाहा: संस्थेच्या कामकाजाला ४० टक्के, सुरक्षेला २०. जिथे मुले प्रथमच एकटी आकाशात जातात, तिथे हे प्रमाण उलटे हवे.

दुसरी बाब तपासाची. सेस्नासारख्या दोन आसनी विमानांना ब्लॅक बॉक्सची सक्ती नाही. त्यामुळे शेवटच्या दोन मिनिटांत काय घडले, हे बरेचदा अवशेषांवरून आणि शेतात काम करणाऱ्यांच्या सांगण्यावरून जुळवावे लागते. वजनाने हलकी, छोटी नोंदयंत्रे आज मिळतात. ती प्रत्येक प्रशिक्षण विमानात बसवणे बंधनकारक करावे, खर्च संस्थांना पेलत नसेल तर केंद्राने वाटा उचलावा. विद्यार्थ्यांच्या तक्रारी संस्थेला वगळून थेट महासंचालनालयाकडे, नाव गुप्त ठेवून जाव्यात. आणि संस्थेच्या मागील अपघातांचे तपास अहवाल प्रवेशाच्या वेळीच, शुल्काचा पहिला हप्ता भरण्याआधी, पालकांच्या हाती पडले पाहिजेत.