तुरिनच्या थोरल्या बाईसाहेब

‘पंच फितूर आहे’ हे वाक्य आयुष्यात एकदाही उच्चारले नाही असा प्रेक्षक शोधून काढणे मोठे कठीण काम आहे. हरलेल्या पक्षाचे ते हक्काचे सांत्वन असते. सामना संपतो, चहा होतो, आणि घरी पोचेपर्यंत मनुष्य ते विसरूनही जातो. परंतु इटलीत फुटबॉलचा एक संघ असा आहे की, तो जिंकला म्हणजे विरोधकांच्या तोंडी हे वाक्य आलेच म्हणून समजावे. आणि गेली साठ-पासष्ट वर्षे ते असेच येत आहे. दिवाळीनिमित्त संपादकांनी या सदराला नेहमीपेक्षा ऐसपैस जागा दिली आहे. तेव्हा वाचकहो, चिवड्याची बशी जवळ ओढा आणि युव्हेंटस नावाच्या या संघाची कुळकथा ऐका.

कुळकथेचा आरंभ अगदी साधा आहे. १८९७ साली तुरिन शहरातल्या मास्सिमो द’आझेल्यो विद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांनी हा क्लब काढला. बैठकीची जागा म्हणजे कॉर्सो रे उंबेर्तो या रस्त्यावरचे एक बाक. पोरे लॅटिन शिकणारी. त्यांनी नाव ठेवले युव्हेंटस, म्हणजे तारुण्य. पुढे लोक लाडाने हाक मारू लागले ती मात्र ‘म्हातारी बाई’ अशी! आम्ही आपले आदराने ‘थोरल्या बाईसाहेब’ म्हणू.

बाईसाहेबांचा पहिला पोशाख गुलाबी होता. धुऊन धुऊन त्याचा रंग उडाला, तेव्हा १९०३ मध्ये क्लबातल्या जॉन सॅव्हेज या इंग्रज गृहस्थाने नॉटिंगहॅमहून नवे सदरे मागवले. आले ते तिथल्या नॉट्स काउंटी संघाचे, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. अंगावर चढले ते आजतागायत उतरलेले नाहीत. १९०५ साली पहिले अजिंक्यपद मिळाले, आणि पाठोपाठ घरात भांडण झाले. आल्फ्रेड डिक हे स्विस अध्यक्ष बाहेर पडले आणि १९०६ च्या डिसेंबरात त्यांनी इतरांच्या साह्याने टोरिनो हा दुसरा क्लब उभा केला. तेव्हापासून एका शहरात दोन चुली आहेत.

बाईसाहेबांचे नशीब फळफळले ते १९२३ मध्ये. फिआट मोटारींच्या कारखान्याचे मालक जोव्हान्नी आन्येल्ली यांचे चिरंजीव एदोआर्दो हे क्लबाचे अध्यक्ष झाले. ज्या घराच्या हाती तुरिनमधला सर्वांत मोठा कारखाना, त्याच घराच्या हाती हा क्लब आला. पैसा आला, शिस्त आली, कारखान्यासारखा चोख कारभार आला. १९३१ ते १९३५ अशी लागोपाठ पाच अजिंक्यपदे घरी आली. १९३५ साली एदोआर्दो विमानाच्या अपघातात गेले. पण पुढेही आन्येल्ली घराण्याची आणि क्लबाची गाठ सुटली नाही.

आता एक गंमत पाहा. धन्याचा संघ म्हटला की कामगारांनी त्याच्या नावाने बोटे मोडावीत, अशी आपली अपेक्षा. घडले ते निराळेच. दुसऱ्या महायुद्धानंतर सिसिली, पुलिया, कालाब्रिया अशा दक्षिणेच्या गरीब मुलुखांतून हजारो माणसे फिआटमध्ये पोट भरायला आली. तुरिनचे जुने रहिवासी टोरिनोचा अभिमान सांगत. परक्या ठरलेल्या या नव्या माणसांपैकी पुष्कळांनी काळे-पांढरे पट्टे आपले मानले, आणि सुट्टीत गावी जाताना ते वेड बरोबर नेले. १९६८ साली क्लबाने कातानियात जन्मलेल्या पिएत्रो आनास्तासीला पासष्ट कोटी लिरा मोजून घेतले. त्या काळची ती विक्रमी किंमत. पण सिसिलीचे पोर गोल करते आहे हे पाहून यंत्रावर राबणाऱ्या मंडळींच्या छात्या किती फुगल्या असतील, त्याचा हिशेब लिरांत कसा मांडणार? बाईसाहेबांचे चाहते सबंध इटलीभर पसरले आहेत, त्याचे एक मोठे कारण हे.

संघाचे दुसरे बळ म्हणजे निवड. १९५७ साली जॉन चार्ल्स हा धिप्पाड वेल्शमन आणि ओमार सिवोरी हा बुटका, खोडकर अर्जेंटिनी असे दोघे एकदमच आणले, आणि घरच्या जाम्पिएरो बोनिपेर्तीशेजारी उभे केले. १९५८ मध्ये दहावे अजिंक्यपद आले आणि सदऱ्यावर सोन्याचा तारा लागला. इटलीत असा मान मिळवणारा हा पहिला संघ. पुढे १९७६ ते १९८६ या दहा वर्षांत जोव्हान्नी त्रापात्तोनी या शिक्षकाच्या हाताखाली संघाने सहा अजिंक्यपदे जिंकली, आणि युरोपातले तिन्ही मोठे चषक जिंकणारा पहिला क्लब म्हणून नाव कमावले. १९८२ साली इटलीने विश्वचषक जिंकला, तेव्हा अंतिम सामन्याच्या संघात झॉफ, जेंतिले, काब्रिनी, शिरेया, तार्देल्ली आणि रोस्सी असे सहा वीर बाईसाहेबांच्या घरचे होते.

एवढे सगळे असून लोक संशय का घेतात? त्यासाठी १९६१ सालचे प्रकरण पाहावे लागेल. त्या एप्रिलात तुरिनला मिलानच्या इंटर संघाशी सामना होता. गर्दी इतकी उसळली की प्रेक्षक मैदानाच्या कडेला येऊन बसले आणि सामना थांबवावा लागला. नियमाप्रमाणे विजय इंटरला दिला गेला. बाईसाहेबांनी अपील केले, निकाल फिरला, सामना पुन्हा खेळवा, असा हुकूम झाला. यात वावगे काय? वावगे एवढेच की, त्या वेळी युव्हेंटसचे अध्यक्ष होते एदोआर्दोंचे धाकटे चिरंजीव उंबेर्तो आन्येल्ली, आणि इटलीच्या फुटबॉल महासंघाचे अध्यक्षही तेच होते! इंटरने संतापून १० जूनच्या सामन्यात आपली पोरसवदा मुले उतरवली. युव्हेंटसने नऊ गोल केले, त्यांतले सहा एकट्या सिवोरीचे. इंटरचा एकमेव गोल करणारा अठरा वर्षांचा सांद्रो माझ्झोला पुढे फार मोठा खेळाडू झाला. कागदोपत्री अपील कदाचित रास्तही असेल. पण फिर्यादी आणि न्यायासनाचा धनी एकाच घरातला असला, तर खरा न्यायसुद्धा खोटा वाटू लागतो.

२९ मे १९८५ ची रात्र याहून निराळी आणि फार दुःखाची. ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूलशी युरोपीय चषकाचा अंतिम सामना होता. सामन्यापूर्वी इंग्लिश प्रेक्षकांचा एक जमाव शेजारच्या भागावर चालून गेला. पळापळीत माणसे चिरडली, जुनाट भिंत कोसळली. ३९ जीव गेले, त्यांतले ३२ इटालियन. आणखी दंगल नको म्हणून सामना तरीही खेळवला गेला. प्लातिनीने पेनल्टीवर गोल केला. ज्या धक्क्याबद्दल ती दिली, तो चौकटीबाहेरच लागला होता. ज्या चषकाची एवढी वाट पाहिली, तो हाती आला तो असा. विजयाचा आनंद दाखवावा की नाही, यावर अजूनही वाद होतो. आम्हाला वाटते, त्या रात्री चषक पेटीत बंद करून घरी न्यायला हवा होता.

आणि मग २००६ साल उजाडले. क्लबाचे कारभारी लुचानो मोज्जी यांची टेलिफोनवरची बोलणी मे महिन्यात छापून आली. पलीकडे बोलणारे होते सामन्यांसाठी पंच नेमणारे अधिकारी. पैसे देऊन अमुक सामना विकत घेतला, असा आरोप नव्हता. कोणता पंच यावा यात कारभाऱ्यांची लुडबूड आहे, असा होता. मिलान, फिओरेंतीना, लात्सिओ, रेज्जिना यांनाही शिक्षा झाल्या. पण बाईसाहेबांची दोन अजिंक्यपदे काढून घेतली गेली आणि त्यांना दुसऱ्या वर्गात ढकलण्यात आले. त्यांपैकी २००६ चे पद इंटरला मिळाले. पुढे इंटरच्या अधिकाऱ्यांच्याही अशा बोलण्यांवर २०११ मध्ये महासंघाच्या अभियोक्त्याने बोट ठेवले; मात्र तोवर मुदत टळून गेली होती. जखमेवर मीठ म्हणतात ते हेच!

चौकशी चालू असतानाच ९ जुलैला बर्लिनमध्ये इटलीने विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात दोन्ही बाजू मिळून युव्हेंटसचे आठ खेळाडू खेळले होते. घराचे वासे फिरताच कित्येक दिग्गज माद्रिद, बार्सिलोना आणि चक्क इंटरकडे गेले. त्यांना दोष कशाला द्यावा? पण बुफॉन, देल पिएरो, कामोरानेसी, त्रेझेगे आणि नेदवेद राहिले. दोन महिन्यांपूर्वी जग जिंकलेला बुफॉन ९ सप्टेंबरला रिमिनी नावाच्या समुद्रकाठच्या लहान गावी दुसऱ्या वर्गाचा सामना खेळला. निकाल लागला १–१. शिक्षेचे नऊ गुण वजा होऊनही बाईसाहेब वर्षअखेर पहिल्या आल्या आणि वरच्या वर्गात परतल्या.

पुढे २०११ मध्ये स्वतःचे नवे क्रीडांगण झाले, आणि २०१२ ते २०२० अशी लागोपाठ नऊ अजिंक्यपदे जिंकली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. २०१२ साली महासंघाच्या मते पदे अठ्ठावीस असताना क्लबाने सदऱ्यावर ‘मैदानावर तीस’ असे छापले. आजही महासंघ ३६ मोजतो आणि क्लब ३८. २०२३ मध्ये खेळाडूंच्या देवघेवीच्या फुगवलेल्या किमतींवरून पुन्हा दहा गुण कापले गेले. त्याआधीच, २०२२ च्या नोव्हेंबरात, उंबेर्तोंचे चिरंजीव आंद्रेआ आन्येल्ली यांनी सगळ्या संचालकांसह राजीनामा दिला होता.

चाहते म्हणतात, “पंच आमच्या खिशात असते, तर युरोपीय चषकाचे नऊ अंतिम सामने खेळून सात हरलो असतो का?” विरोधक तोच आकडा घेऊन म्हणतात, “बघा, घराबाहेर आन्येल्लींचा शब्द चालत नाही!” दोघांना समजावणे ब्रह्मदेवालाही साधणार नाही. बोनिपेर्ती म्हणत की, जिंकणे हीच मोजण्याजोगी एकमेव गोष्ट. आम्हाला नेमकी इथेच मेख दिसते. ज्या घरात पैसा, पदे आणि सत्ता एकवटते, त्याने जिंकण्याबरोबर हरलेल्याचा विश्वासही मोजायला हवा. तो एकदा उडाला, की सिवोरीचे सहा गोलसुद्धा लोकांना महासंघाच्या कचेरीतून आल्यासारखे वाटतात.

बाईसाहेबांच्या फडताळात अजिंक्यपदे किती, यावर दुमत आहे. रिमिनीच्या त्या बरोबरीबद्दल मात्र कुणाचे दुमत नाही. आणि क्लबाच्या खऱ्या चाहत्याने दिवाळीला पणती लावायचीच झाली, तर त्या सामन्याच्या नावाने लावावी.