चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?

मागच्या महिन्यातली गोष्ट. ऑफिसात एका टेबलातला डेटा चुकून उडाला. मी निवांत होतो, कारण रोज रात्री दोनला बॅकअप होतो आणि ती स्क्रिप्ट अस्मादिकांनीच लिहिलेली! रिस्टोअर करायला बसलो आणि पोटात गोळाच आला. १९ दिवस बॅकअप होत होता तो टेस्ट डेटाबेसचा.

झालं होतं असं, की डेटाबेसचा पत्ता स्क्रिप्ट एका आयएनआय फाईलमधून घ्यायची. कसा? तर ग्रेपने 'होस्ट' शोधायचा, पहिली सापडलेली ओळ उचलायची, बस्स. एका सहकाऱ्याने त्याच फाईलमध्ये वरच्या बाजूला टेस्टचा विभाग टाकला. त्यातही 'होस्ट' होताच. (युजर-पासवर्ड दोन्हीकडे सारखेच, हे आमचं आणखी एक पाप.) त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ग्रेपला विभाग कळत नाहीत, फक्त ओळी दिसतात.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: ज्या फाईलला रचना आहे, ती तिच्या पार्सरनेच वाचावी. पायथनमध्ये आयएनआयसाठी कॉन्फिगपार्सर आयता मिळतो, टॉमलसाठी २०२२ च्या ३.११ आवृत्तीपासून टॉमललिब आहे, शेलमध्ये जेसन वाचायला जेक्यू आहे. चार ओळी जास्त लिहाव्या लागतात, कबूल. पण 'कुठल्या विभागातला होस्ट?' हे सांगावंच लागतं, आणि पायथनमध्ये तो नसेल तर स्क्रिप्ट तिथेच आदळते. आदळलेली स्क्रिप्ट सकाळी कळते. चुकीचं वाचून गुपचूप पुढे जाणारी कळत नाही.

अर्थात पार्सर म्हणजे देव नव्हे. पायथनची पायवायएएमएल लायब्ररी यामल १.१ चे नियम पाळते. त्यात अवतरणाशिवाय 'नो' लिहिलं की त्याचं 'फॉल्स' होतं. म्हणजे देशांच्या यादीतून नॉर्वेचा कोड गायब! पोर्टसाठी २२:२२ लिहा, ते साठाच्या हिशोबाने १३४२ होतं. २००९ च्या यामल १.२ ने हे प्रकार काढले, पण तुमची लायब्ररी कुठले नियम पाळते ते बघायलाच हवं. म्हणून वाचलेली किंमत तपासायची. माझी स्क्रिप्ट आता आधी होस्टचं नाव लॉगमध्ये लिहिते, आणि तो टेस्टचा असेल तर थांबते.

डेटा? दोन दिवस लॉग चाळून जमेल तेवढा जुळवला. सगळा नाही मिळाला.

'चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?' हे मीही बऱ्याचदा म्हटलंय. ती स्क्रिप्टसुद्धा १९ दिवस चालतच होती की!